कोजागिरीच्या रात्री मॉडेल रॉकेट उडवायची आहेत : कायदा, दिवे, मैदान

टेक्सासकर
मंडळी, यंदाची कोजागिरी ऑस्टिनच्या उत्तरेला एका सभासदाच्या शेतजमिनीवर आहे. दूध आटेपर्यंत मुलांना रॉकेट उडवायला द्यावीत असा बेत आहे. मुलं वीसेक, वय ८ ते १४. रॉकेटं एस्टेस कंपनीच्या साध्या किटची, बी६-४ आणि सी६-५ मोटरवर (इंधनाच्या तयार नळकांड्यावर; अक्षर पुढचं तशी ताकद जास्त) उडणारी. मैदान साधारण १५० बाय १३० मीटर, गवताळ. पूर्वेला झाडांची रांग, दक्षिणेला रस्ता आणि त्याला लागून विजेच्या तारा.

विचारायचं ते असं :
१. रात्री उडवणं कायदेशीर आहे का? कोणाकोणाची परवानगी लागेल?
२. दिवे कसे बसवायचे? रॉकेट वर गेल्यावर दिसायला हवं.
३. शेवटी वीसही रॉकेटं एकदम सोडता येतील का? मुलांची तशी फर्माईश आहे.
४. दिवसा उडवताना जे लक्षात येत नाही असं रात्री काय काय बिघडतं?

निवडुंग
सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाच्या) पूर्वपरवानगीशिवाय रॉकेट उडवता येत नाही. नियम स्पष्ट आहे. संध्याकाळी सहाला उडवा आणि मग दूध प्या.

बारकावा
निवडुंग, तो नियम खरा आहे, पण या रॉकेटांना लागू नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एफएएच्या नियमावलीतला भाग १०१ हौशी रॉकेटांचे तीन वर्ग करतो. वर्ग १ म्हणजे मॉडेल रॉकेट : इंधन १२५ ग्रॅमपर्यंत आणि तेही संथ जळणारं, सांगाडा कागद, लाकूड किंवा सहज तुटणाऱ्या प्लास्टिकचा, धातूचा मोठा भाग नाही आणि इंधनासकट एकूण वजन १,५०० ग्रॅमच्या आत. वर्ग २ म्हणजे हाय पॉवर, एकूण आवेग (मोटरचा जोर गुणिले वेळ) ४०,९६० न्यूटन-सेकंदांपर्यंत. त्यापलीकडचं वर्ग ३.

सूर्यास्ताची अट कलम १०१.२५ मध्ये आहे आणि ते कलम फक्त वर्ग २ व ३ साठी आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ५ सागरी मैल, दृश्यमानता ५ मैल, परक्या माणसांपासून १,५०० फूट किंवा अपेक्षित उंचीच्या पाव पट यांतलं जे जास्त असेल ते अंतर, हे सगळं त्याच कलमात येतं. सी६ मध्ये इंधन जेमतेम दहा-बारा ग्रॅम असतं. म्हणजे तुमची रॉकेटं सरळ वर्ग १ मध्ये बसतात.

पण कलम १०१.२३ सगळ्या वर्गांना लागू आहे आणि त्यात माणसं, मालमत्ता किंवा विमान यांना धोका होईल असं उड्डाण करायचं नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे. रात्री दिवा नसलेलं रॉकेट लोकांच्या डोक्यावर उडवलं, तर वेळेची अट लागू नसली तरी या कलमाचा भंग होतोच.

एफएएनंतर स्थानिक पातळी. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. काउंटीच्या फायर मार्शलला (अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला) फोन करून तारीख, जागा आणि मोटरचा प्रकार सांगा. टेक्सासमध्ये कोरड्या हंगामात काउंटी कमिशनर्स कोर्ट (काउंटीचं प्रशासकीय मंडळ) बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग लावायला बंदी, जारी करतं. तो आठवडाआधी नसतो आणि दोन दिवस आधी लागतो, त्यामुळे त्याच दिवशी सकाळी पुन्हा तपासा. बॅन असेल तर रॉकेट रद्द. फायर मार्शल 'चालेल' म्हणाले तरी गवत कोरडं असेल तर उडवू नका.

निवडुंग
बारकावा, कलम उघडून पाहिलं, मथळ्यातच वर्ग २ आणि ३ लिहिलंय. माझं विधान मागे घेतो. हाय पॉवरवाल्यांसाठी मात्र ते बरोबर आहे ना?

बारकावा
पूर्ण बरोबर. शिवाय तिथे दिवसाचा वेव्हर (एफएएने दिलेली सूट) असला म्हणून तो आपोआप रात्री चालत नाही. अर्ज फॉर्म ७७११-२ वर, किमान ४५ दिवस आधी करायचा आणि रात्रीची वेळ त्यात स्पष्ट मागायची. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं : तिथे मोटर स्टेट फायर मार्शलच्या मंजूर यादीतली लागते आणि स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्यांची परवानगीही.

तांब्याचीतार
दिव्यांबद्दल लिहितो. पहिला प्रश्न बहुतेक जण 'रॉकेट वर जाताना कसं दिसेल' असा विचारतात. वर जाताना ते दिसतंच, मोटरची ज्वाळा असते. दिवा हवा तो मोटर विझल्यापासून रॉकेट जमिनीला टेकेपर्यंत आणि टेकल्यावर गवतात सापडेपर्यंत. सगळी रचना या दृष्टीने करा.

सर्वात स्वस्त उपाय : ५ मिलिमीटरचा एलईडी आणि सीआर२०३२ ही ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी. एलईडीचे दोन पाय बॅटरीच्या दोन बाजूंना चिमटवायचे आणि वरून टेप घट्ट गुंडाळायचा. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, त्यामुळे तो तासन्‌तास चालतो. निळ्या, पांढऱ्या आणि बहुतेक चकचकीत हिरव्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात. ते नव्या बॅटरीवर छान पेटतात आणि बॅटरी जरा उतरली की मंदावतात. म्हणून बॅटऱ्या त्याच दिवशी नव्या घाला. बॅटरीला थेट सोल्डरचा डाग लावू नका. उष्णतेने तिचं सील जातं.

आता सगळ्यात जास्त वेळा बिघडणारी गोष्ट. स्प्रिंगवाला बॅटरी होल्डर वापरला की दिवा पॅडवर (रॉकेट सोडायच्या चौथऱ्यावर) मस्त पेटतो आणि उड्डाणाच्या क्षणी विझतो. सी६ चा जोर सुरुवातीला क्षणभर १४ न्यूटनपर्यंत जातो. रॉकेट १०० ग्रॅमचं असेल तर त्वरण गुरुत्वाच्या तेरा-चौदा पट होतं. तेवढ्या धक्क्यात बॅटरी मागे सरकते, स्प्रिंग दबते, संपर्क तुटतो. म्हणून बॅटरी उभी ठेवा, म्हणजे तिची चपटी बाजू रॉकेटच्या लांबीला समांतर येईल. मग धक्का संपर्काच्या दिशेने बसत नाही, आडवा बसतो. टेप तरीही हवाच.

आणि दिवे दोन. एक नोज कोनमध्ये (रॉकेटच्या टोकदार नाकात), एक नळीवर. इजेक्शननंतर, म्हणजे मोटरमधल्या शेवटच्या बाराने नाक उडून पॅराशूट बाहेर आल्यावर, दोन्ही भाग शॉक कॉर्डने (लवचीक दोरीने) बांधलेले असतात, पण कॉर्ड तुटली तर नळी काळोखात मुकाट्याने खाली येते. त्या नळीत जळालेली गरम मोटर असते, हे विसरू नये.

ध्रुवतारा
तांब्याचीतार यांना अनुमोदन. एक भर : रंग. अंधाराला सरावलेला डोळा हिरव्या-निळसर प्रकाशाला सर्वात तत्पर असतो, ५०० नॅनोमीटरच्या आसपास. लाल दिवा त्याला अंतरावरून फिका वाटतो. तेव्हा रॉकेटवर हिरवा, माणसांच्या हातात लाल. लाल विजेरीने डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही. पूर्ण सराव व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकाने मोबाइलचा पांढरा फ्लॅश लावला की सगळ्यांची ती मेहनत वाया जाते.

लुकलुकणारा दिवा लावावा असं माझं मत आहे. चांदण्यांच्या आणि दूरच्या घरांच्या दिव्यांच्या गर्दीत तो लगेच वेगळा ओळखू येतो.

आडवावारा
लुकलुकणाऱ्याशी असहमत. दिवा बंद असतो त्या अर्ध्या सेकंदात उतरतं रॉकेट दोन-अडीच मीटर खाली आलेलं असतं. डोळा मागची जागा धरून बसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. ते आपल्या दिशेने येतंय की दूर जातंय हे कळायला अखंड दिवाच हवा.

ध्रुवतारा
मुद्दा मान्य. मग नोज कोनमध्ये अखंड आणि नळीवर लुकलुकणारा, असं करता येईल. दोन भाग वेगळे ओळखूही येतील. दोन्ही दिवे एकाच जागी घिरट्या घालताना दिसले की पॅराशूट उघडलं. दोन वेगळ्या ठिकाणी दिसले की कॉर्ड तुटली.

तांब्याचीतार
हे उत्तम. फुग्यात घालायचे छोटे तयार दिवे मिळतात, त्यांत दोन्ही प्रकार असतात आणि वजन चार-पाच ग्रॅमच भरतं. वीस मुलांसाठी तेच घ्या. प्रत्येक दिवा हातात घेऊन झटकून बघा. झटक्याने विझला तर तो रॉकेटसाठी बाद.

सुतारपक्षी
दिवा कुठे बसवता यावर रॉकेट सरळ जाणार की गोल फिरणार हे ठरतं. गुरुत्वमध्य (तोल येतो तो बिंदू) हा दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, नळीच्या किमान एका व्यासाएवढ्या अंतरावर हवा. नोज कोनमध्ये पाच ग्रॅम घातले की गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणजे स्थिरता वाढते. तेच पाच ग्रॅम फिनवर (मागच्या पंखांवर) चिकटवले की मागे सरकतो. दिवे फिनवर फार सुंदर दिसतात आणि नेमकी तीच जागा चुकीची आहे. नळीवरचा दिवाही शक्य तितका वरच्या भागात, गुळगुळीत टेपखाली बसवा.

तपासणी सोपी आहे. मोटर, वॅडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून मध्ये घालायचा कागद), पॅराशूट, दिवे सगळं भरून रॉकेट दोरीवर तोला, तोल येतो तिथे खूण करा. त्याच जागी दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात वजनं घालूनही कळतं.

वजन वाढलं की मोटरचा विलंबही बघा. बी६-४ मधला ४ म्हणजे इंधन संपल्यावर इजेक्शनपर्यंतचे सेकंद. जड रॉकेट कमी उंची गाठतं, लवकर वळतं आणि विलंब तेवढाच राहिला तर पॅराशूट खाली येताना वेगात उघडतं, कॉर्ड तुटते. दिव्यांसकट ८० ग्रॅमपर्यंत बी६-४ चांगली चालते. ए८-३ वर तेच ८० ग्रॅम जेमतेम तीसेक मीटर चढेल आणि इजेक्शन वळल्यावर होईल, म्हणून नको. सी६-५ वर ११३ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे.

आणि नोज कोनमधल्या बॅटरीखाली बाल्सा किंवा प्लायची चकती चिकटवून पक्की आडभिंत करा. इजेक्शनची गरम राख थेट बॅटरीवर जायला नको.

माईमावशी
मुलं आहेत म्हणून एक महत्त्वाचं. नाण्यासारखी बॅटरी लहान मुलाने गिळली तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजू शकते. वय ८ ते १४ वाल्यांची धाकटी भावंडंही तिथे असणार. बॅटऱ्या मोजून आणा, मोजून परत घ्या, सुट्या बॅटऱ्या झाकण घट्ट असलेल्या डब्यात एका मोठ्या माणसाकडे ठेवा. एक जरी कमी भरली आणि मुलाच्या तोंडात गेल्याची शंका आली तर वाट बघत बसू नका, तडक इमर्जन्सीत जा.

टेक्सासकर
माईमावशी, हे आमच्या यादीत नव्हतंच. आता पहिलं आहे.

सी६ की बी६? नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या संहितेत सी मोटरला ४०० फूट मैदान पुरेसं म्हटलंय. माझी लहान बाजू १३० मीटर, म्हणजे ४२६ फूट. बसते ना?

गवतीचहा
बसते की. बिनधास्त सी६ उडवा, २०० मीटरवर गेलेला दिवा बघायला मजा येते.

आडवावारा
गवतीचहा, कागदावर बसते, पण आकडे मांडून बघू.

दिवे लावलेलं ८५ ग्रॅमचं रॉकेट, पॅराशूट ३० सेंटिमीटर व्यासाचं. उतरण्याचा वेग सेकंदाला साधारण ५ मीटर येतो. सी६ वर २०० मीटर उंची म्हणजे ४० सेकंद हवेत. वारा सेकंदाला फक्त ३ मीटर धरला तरी १२० मीटर वाहत जाणार. पॅड मैदानाच्या मध्यावर असेल तर हद्द ६५ मीटरवर. मग रॉकेट झाडांत, रस्त्यावर किंवा तारांवर. बी६ वर उंची ८०-९० मीटर, हवेत १७ सेकंद, वाहणं ५० मीटर. मैदानात राहतं.

आणि रात्रीचा वारा फसवा असतो. सूर्य मावळला की जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा स्थिर होते आणि वरच्या हवेपासून तिचा संबंध तुटतो. खाली पान हलत नाही आणि दोन-तीनशे मीटरवर जोरदार वारा. टेक्सासपासून उत्तरेच्या सपाट प्रदेशात हा प्रकार नेहमीचा आहे. चेहऱ्यावर वारा लागत नाही म्हणून सी६ लावू नका.

म्हणून पहिलं उड्डाण मोठ्या माणसाने करायचं : ४५ ग्रॅमच्या आतलं हलकं रॉकेट, ए८-३, एक दिवा. दिवा किती वाहतो ते पावलांनी मोजा. मग ठरवा.

पॅराशूट मोठं वाटलं तर मधोमध भोक पाडा किंवा त्याऐवजी स्ट्रीमर (लांब फडकती पट्टी) लावा. स्ट्रीमरने उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, वाहणं निम्मं. गवतावर फिन सहसा टिकतात.

गवतीचहा
हिशोब पटला. बी६ आणि स्ट्रीमर.

सुतारपक्षी
दव विसरू नका. ऑक्टोबरच्या रात्री प्लास्टिकचं पॅराशूट घडीतच चिकटून बसतं आणि रॉकेट सरळ काठीसारखं खाली येतं. घालण्याच्या आधी टाल्कम पावडर चोळा, शेवटच्या क्षणी घडी करा, संध्याकाळी भरून ठेवू नका. वॅडिंगही बंद पिशवीत ठेवा. विजेच्या वायरच्या चिमट्यांवर दव आणि काजळी साचून इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) पेटत नाही, म्हणून दर चार-पाच उड्डाणांनंतर चिमटे बारीक सँडपेपरने घासा.

पाटीलबुवा
चौथ्या प्रश्नाचं खरं उत्तर मैदानाच्या व्यवस्थेत आहे. रात्री रॉकेटापेक्षा माणसं जास्त हरवतात.

पॅड मध्यभागी नाही, वारा येतो त्या बाजूला थोडं सरकवून ठेवा. प्रेक्षक वाऱ्याच्या रेषेपासून बाजूला, एकाच गटात, दोरी बांधून. दोरीवर दर पाच मीटरवर ग्लो-स्टिक. रॉडच्या (रॉकेट ज्यावर उभं करतात त्या सळईच्या) टोकावर टोपी आणि टोपीवर ग्लो-स्टिक, कारण अंधारात वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात रॉड जाणं ही या छंदातली सगळ्यात टाळता येण्याजोगी इजा आहे. पॅडपाशी जाणाऱ्याला पारदर्शक सुरक्षा चष्मा सक्तीचा. कंट्रोलरची (दुरून बटण दाबून मोटर पेटवायच्या खोक्याची) वायर जमिनीला खुंट्या मारून बसवा आणि तिच्याकडेने ग्लो-स्टिक ठेवा.

कंट्रोलरची चावी एकच, एकाच माणसाच्या गळ्यात, चमकत्या पट्टीला बांधलेली. चावी गळ्यात दिसत असेल तरच कोणी पॅडकडे जाईल. चावी दिसत नाही म्हणजे ती कंट्रोलरमध्ये आहे, असंच धरायचं.

डी आणि त्याखालच्या मोटरला संहितेत १५ फूट अंतर आहे. रात्री ३० ठेवा.

पेटलं नाही तर चावी काढायची, पूर्ण ६० सेकंद मोजायचे, मग एकच माणूस बाजूने जाईल. अंधारात साठ सेकंद फार लांब वाटतात आणि मुलं 'काय झालं' म्हणत पुढे सरकतात. घड्याळ लावा.

पॅडखाली धातूची झळपट्टी (ज्वाळा अडवणारा पत्रा) हवीच, आणि भोवती दीड मीटर गवत कापून पाणी मारलेलं असावं. पाठीवरचा पाण्याचा पंप आणि फावडं घेऊन एक माणूस फक्त आगीसाठी. त्याने रॉकेट बघायचं नाही, गवत बघायचं. रात्री ठिणगी दिसते, हा एक फायदा आहे.

धूमकेतू१२
आणि तिसऱ्या प्रश्नाचं काय? वीस एकदम?

पाटीलबुवा
नाही. संहितेत एकाच वेळी दहापेक्षा जास्त रॉकेटं सोडायची असतील तर अपेक्षित उंचीच्या दीड पट अंतर ठेवायला सांगितलंय. ९० मीटर उंचीला १३५ मीटर होतात. तुमच्या मैदानात मुलं उभी राहायला जागाच उरत नाही. शिवाय वीस रॉकेटांचे चाळीस दिवे एकदम उतरताना कोणता कुठे पडतोय हे कोणीच सांगू शकत नाही.

एका वेळी एकच. प्रत्येक उड्डाण जमिनीला टेकलं, दोन्ही दिवे मोजले, मगच पुढचं. प्रत्येक मुलाला स्वतःचं नाव ऐकू येतं, स्वतः उलटे आकडे मोजायला मिळतात. मुलांना ते जास्त आवडतं.

चांदणंवेडी
आणि कोजागिरीला लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते ना, तोच प्रश्न प्रत्येक उड्डाणाआधी मोठ्याने विचारावा. 'कोण जागं आहे?' सगळ्या मुलांनी हात वर करून वर बघायचं. सगळे हात वर दिसले की मोजणी सुरू. आपल्या सणातच चांगली सुरक्षा-हाक मिळते :)

पाटीलबुवा
चांदणंवेडी, ही हाक मी आमच्या इथेही लावणार. सगळे उभे असायला हवेत, हे मात्र त्यात घाला. खुर्चीत किंवा चटईवर पडून बघणाऱ्याला वेळेत बाजूला होता येत नाही.

उघडझाप
थोडं विषयांतर, फोटोबद्दल. तिपाई, आयएसओ ४००, एफ ५.६, शटर दहा-बारा सेकंद उघडं. 'दोन' म्हटलं की उघडा. पौर्णिमा असल्यामुळे त्याहून लांब ठेवलं तर आकाश पांढुरकं येतं. चंद्र पाठीशी ठेवा.

लुकलुकणारा दिवा असेल तर फोटोत ठिपक्यांची रेघ येते. दिवा सेकंदाला दहा वेळा लुकलुकत असेल तर प्रत्येक अंतर म्हणजे दशांश सेकंद. पॅडशेजारी ज्ञात उंचीची काठी उभी करून ग्लो-स्टिक लावली की ठिपक्यांमधल्या अंतरावरून वेग काढता येतो. चौदा वर्षांच्या मुलांना हा गणिताचा धडा नक्की द्या.

ध्रुवतारा
चंद्राचा मुद्दा प्रेक्षकांनाही लागू आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. आठ-साडेआठला तो तुमच्या झाडांच्या रांगेवर असेल. प्रेक्षक पूर्वेला तोंड करून उभे राहिले तर दिवा चंद्राच्या उजेडात हरवेल. पूर्वेकडे पाठ असू द्या.

माग ठेवणारी दोन माणसं प्रेक्षकांपासून दूर, एकमेकांपासून ४०-५० मीटरवर उभी करा. पेटताना त्यांनी पॅडकडे बघायचं नाही, कारण ज्वाळेने डोळे दिपतात. रॉकेट उतरलं की दोघांनी आपापल्या जागेवरून लेसर नव्हे, हात किंवा काठी त्या दिशेला रोखून धरायची. दोन रेषा छेदतात तिथे रॉकेट. लेसर पॉइंटर मैदानात आणूच नका. इथे विमानावर लेसर रोखणं हा संघीय गुन्हा आहे आणि मुलाच्या हातून तो सहज होईल.

विमानाचे दिवे जवळ येताना दिसले की थांबायचं. डावा पंख लाल, उजवा हिरवा, शेपटीला पांढरा. लाल उजवीकडे आणि हिरवा डावीकडे दिसला तर ते तुमच्याकडेच येतंय.

संत्रानगरी
धागा वाचून भारतातले पालकही हे करायला बघतील, म्हणून लिहिते. इथे काळ्या दारूची मोटर स्फोटकांच्या कायद्यात येते : १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम. परवाने देणारी पेसो ही संस्था आमच्या नागपुरातच आहे. विना परवाना आयात करणं किंवा घरी मोटर बनवणं हा गुन्हा आहे. आणि धोका कायद्याहून मोठा आहे : साखर आणि पोटॅशियम नायट्रेटची मिश्रणं व्हिडिओत सोपी दिसतात, बोटं जातात.

अमेरिकेतून येताना बॅगेत दोन मोटर टाकून आणू, असंही कोणी करू नये. विमानात मॉडेल रॉकेटच्या मोटर हातातल्या आणि चेक-इन दोन्ही सामानात मना आहेत.

नाशिकचा_पाणबाण
संत्रानगरी यांना दुजोरा. इथे रात्रीचा आनंद हवा असेल तर पाण्याचं रॉकेट करा. स्फोटक नाही, आग नाही.

दोन लिटरची सोड्याची बाटली, एक तृतीयांश पाणी, पुठ्ठ्याचे तीन किंवा चार फिन, नाकाला अर्धा चेंडू आणि आत दिवा. दिवा छोट्या झिपच्या पिशवीत, कारण सगळं भिजतं. सायकलच्या दाबमापकवाल्या पंपाने ४ ते ५ बार, म्हणजे ६० ते ७५ पीएसआय, त्यावर नाही. सोड्याचीच बाटली घ्या, बिनसोड्याच्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. चरे पडलेली, पांढरट झालेली, उन्हात ठेवलेली बाटली फेकून द्या. दाब भरताना कोणीही वाकून बघायचं नाही, सोडायची दोरी १० मीटरची. हे रॉकेट जड येतं आणि पॅराशूट बहुतेकांचं नसतं, म्हणून डोक्यावर न येण्यासाठी मैदान मोठंच हवं.

मुंबईकरांनी आधी पोलिसांचे चालू आदेश बघावेत. उडत्या वस्तूंवर तिथे वेळोवेळी बंदी असते. शिवाय विमानतळ शहराच्या मध्यात आहे.

धूमकेतू१२
दिवाळीच्या बाणाला एलईडी बांधला तर?

सुतारपक्षी
नको. बाणाला सरळ ठेवते ती त्याची काडी, आणि ती तेवढ्याच वजनाला मापलेली असते. दिव्याचं वजन टाकलं की तो तिरपा जातो. आणि त्याला परत उतरवणारं काहीच नाही.

टेक्सासकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बेत असा बदलला आहे, चुकत असेल तर सांगा.

मोटर फक्त बी६-४. सी६ घरी राहतील. स्ट्रीमर सगळ्यांना. प्रत्येक रॉकेटला दोन दिवे, नाकात अखंड हिरवा, नळीवर लुकलुकणारा. प्रत्येक रॉकेट त्याच दिव्यांसकट आदल्या शनिवारी दिवसाउजेडी एकदा उडवून बघायचं, जे सरळ गेलं नाही ते रात्रीच्या यादीतून बाद. एका वेळी एक. सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास, उड्डाणं पावणेआठ ते सव्वानऊ, म्हणजे एका रॉकेटला साधारण साडेचार मिनिटं. चावी माझ्या गळ्यात.

फायर मार्शलशी बोलणं झालंय, त्यांनी त्या सकाळी पुन्हा फोन करायला सांगितलंय.

पाटीलबुवा
दिवसा चाचणी हा सर्वोत्तम निर्णय. साडेचार मिनिटं कमी पडतील, सहा धरा. दोन-तीन मिसफायर (न पेटलेल्या मोटर) होणारच. वेळ संपत आली म्हणून घाईने शेवटची पाच उडवण्यापेक्षा ती पाच दुसऱ्या दिवशी सकाळी उडवा.

मोजणाऱ्याने 'शून्य'नंतरही मोठ्याने मोजत राहायचं. बी६-४ चं इंधन एक सेकंदाच्या आत संपतं, त्यावर चार, म्हणजे पाचला 'पॉप' ऐकू यायला हवा. सहा म्हटलं आणि आवाज नाही, दिवा वेग घेतोय, की 'डोक्यावर!' अशी आरोळी. ही आरोळी मुलांकडून आधी दोनदा म्हणून घ्या.

बारकावा
दक्षिणेच्या तारांचं राहिलं. तारेवर अडकलेलं रॉकेट काठीने काढायला कोणीही जायचं नाही, मुलगा कितीही रडला तरी. वीज कंपनीला कळवायचं. हे मुलांना उड्डाणाआधीच सांगा आणि एक-दोन जास्तीची रॉकेटं बनवून ठेवा, म्हणजे ज्याचं अडकलं त्याच्या हातात लगेच दुसरं देता येईल.

टेक्सासकर
चार जास्तीची बनवतो. पॅड तारांपासून ९० मीटरवर उत्तरेला सरकवलं, आत्ताच टेपने मोजून खुंटी ठोकली. त्या रात्री वारा उत्तरेचा निघाला तर?

आडवावारा
मग पॅड आणखी उत्तरेला घ्या आणि रॉड चार-पाच अंश उत्तरेला, म्हणजे वाऱ्याकडे कलवा. त्यावरही ए८ चं चाचणी-रॉकेट तारांच्या ३० मीटरच्या आत पडलं, तर त्या रात्री फक्त दूध.